वरच्या विहिरीचं पाणी

त्या दिवशी बंद होता आणि माझ्या जीपच्या पुढं-मागं सरकारी पाटी होती. जीप भाड्याची होती, पाटी तेवढी सरकारी. पण दगड मारणारा ते विचारत बसत नाही. विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन पेटलेलं होतं आणि औरंगपुऱ्यातली दुकानं सकाळपासूनच अर्ध्या शटरवर होती. पाटीवर फडकं बांधू का, असं मी निघताना विचारलं. मागं बसलेले अध्यक्षसाहेब म्हणाले, "राहू दे. फडकं बघून लोकांना जास्त संशय येईल."

साहेब वित्त खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या शेजारी पुण्याहून आलेल्या प्राध्यापक बाई, पाण्यात काय काय विरघळलंय ते तपासणाऱ्या. दोघंही सरकारनं नेमलेल्या तज्ज्ञ सल्लागार मंडळावर होते. मी माण तालुक्यातला, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला. पाचवीत शाळा सुटली ती सुटलीच. मला मंडळ म्हटलं की गणपतीचंच माहीत. पण आठवडाभर त्यांची गाडी चालवून, कान मागं ठेवून, मला एवढं कळलं होतं. जालना रोडला कारखाने वाढत चाललेले. त्यांचं सांडपाणी ओढ्यात जायचं आणि ओढा खालच्या गावांकडं. सगळ्यांचं पाणी एका जागी आणून स्वच्छ करायचं केंद्र बांधा, असा प्रस्ताव होता. पण पैसा कुणी घालायचा? कारखानदार म्हणायचे, सरकारनं. सरकार म्हणायचं, ज्यानं घाण केली त्यानं. या ओढाताणीत वर्षं चालली होती. आता मंडळानं सांगायचं होतं की गरज खरोखर आहे का, सरकारनं केवढा वाटा उचलावा, कारखान्यांकडून कोणत्या हिशेबानं घ्यावा, आणि उरलेल्याचं कर्ज कुणाच्या नावावर काढावं.

"आमच्या हातात तिजोरी नाही रे," साहेब मला एकदा म्हणाले होते. "पण आम्ही 'द्या' असं लिहून दिल्याशिवाय तिजोरीवाल्याचा हात पुढं येत नाही. उद्या कुणी जाब विचारला तर त्याला आमचा कागद दाखवता येतो."

दुसऱ्या दिवशी मुंबईत मंडळाची शेवटची बैठक होती, अंदाजपत्रकाच्या आधीची. ओढ्याकाठचं एक तरी गाव डोळ्यांनी बघितल्याशिवाय शिफारस करणार नाही, असं साहेबांनी ठरवलेलं. म्हणजे बंद असो नाहीतर काही असो, आजच जायचं होतं.

मला धास्ती होती ती नुसती दगडांची नव्हती. ते गाव मला माहीत होतं. करमाडच्या अलीकडं, रोडपासून आत. मी या मुलखात नवा आलो तेव्हा तापानं फणफणून त्या गावच्या मेंढवाड्याच्या कुडाला पडलो होतो. एका म्हातारीनं माझं घोंगडं बघून "आपल्यातलंच लेकरू दिसतंय" म्हणत मला आत घेतलं, आणि उभं राहता येईपर्यंत ताकभाकर घातली. ना ओळख ना पाळख. तिला मी मावशी म्हणतो. तिच्या मेंढ्या आता गाभडत होत्या, दिवस भरायच्या आत पिलं टाकत होत्या. पाणी बदलल्यापासून हे सुरू झालं, असं ती म्हणायची. साहेब आज काय बघतात यावर सगळं होतं.

चिकलठाण्याच्या पुढं टायर जळत होते. निळे झेंडे घेतलेली कॉलेजची पोरं आडवी आली. एकानं बॉनेटवर हात ठेवला.

"ओ मामा, सरकारी गाडी कुठं निघाली?"

"पाणी बघायला," मी म्हणालो.

"सरकारला तहान लागली व्हय?" मागनं कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला. हशा झाला म्हणून मला जरा श्वास घेता आला.

बाईंनी काच खाली करून गावाचं नाव सांगितलं. बॉनेटवरचा हात निघाला. पोरगा खिडकीशी आला. विशीतला, डोळे जागरणानं लाल.

"मी तिथलाच हाय. कोणती विहीर बघणार? गावची का आमची?"

"दोन आहेत का?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, दोन नसलेलं गाव दाखवा मला."

पोरगा दार उघडून माझ्या शेजारी बसला. "चला. पुढच्या नाक्यावर मी नसलो तर अडवतील तुम्हाला." झेंड्याची काठी त्यानं खिडकीतून बाहेर धरली. पुढं दोनदा गर्दी लागली, दोन्ही वेळा बाजूला झाली. मी स्टेअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की गावात पोचल्यावर बोटं सरळ होईनात.

गावात शिरलो आणि मला कळेना हे तेच गाव का. वाटेवर सडा, विहिरीच्या कठड्याला चुना, आंब्याच्या पानांचं तोरण. सरपंच फेटा बांधून उभे. पाटावर घासून लख्ख केलेले तांबे. साहेब आणि बाई पाणी प्यायले. विहिरीत वाकून बघितलं तर तळाचे दगड दिसत होते.

"आमच्या गावचं पाणी गोड हाय, साहेब," सरपंच म्हणाले. "प्यालात न्हवं?"

बाईंनी बाटली भरली, हुंगली, झाकण लावलं. साहेबांनी ओढा बघायला मागितला. बंदमुळं कारखाने थंड होते. ओढ्यात पाणी असं नव्हतंच, डबकी तेवढी.

मावशी बायकांच्या घोळक्यात पदर ओढून उभी होती. मी हळूच जवळ गेलो. "मावशी, हे काय केलं?"

"गप," ती म्हणाली. "दोन दिस सगळं गाव उपसतंय हीर. तुरटी टाकली. प्यायचं पाणी बैलगाडीनं आणलं लांबनं."

"अगं, पण खराब पाणीच तर बघायला आलेत."

"वढा दावणारच हुतो की. हीर कशाला दावायची? परवा नातवाला बघायला पाव्हणे येत्यात. ह्या गावचं पाणी खराब, असं सरकारी कागदावर चढलं तर पोरगी कोण दील? एकट्या माझ्याच घरचं नाय, चार घरच्या सोयरिकी चालल्यात."

तिचं चूक म्हणावं तर जिभेवर तिचीच भाकर.

"आता आमच्याकडं," तो पोरगा साहेबांना म्हणाला.

उतारावर, ओढ्याच्या अंगाला त्यांची वस्ती. तिथं ना तोरण ना चुना. साहेब येणार हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. विहिरीवर तांबूस साय धरलेली आणि वास असा की बाईंनी पदर नाकाला लावला. एक पोक्त बाई, त्या पोराची आई, घागर बाजूला ठेवून म्हणाली, "हे आम्ही गाळून घेतो. गाळलं तरी हातावर खाज सुटते."

बाईंनी बाटल्या भरल्या. मला वाटलं, सुटलो. दिसलं एकदाचं.

पण साहेब कठड्याला टेकून उभेच राहिले. मग म्हणाले, "हे मी लिहीन. पण वित्त खात्यात मी आयुष्य काढलंय, तिथला माणूस काय विचारेल ते मला माहीत आहे. वरची विहीर स्वच्छ, खालची घाण. मग कारखान्याचा दोष कुठं? वस्तीचीच घाण असेल, म्हणतील. आणि कारखानदारांना तेच हवंय. सगळी योजना त्या एका ओळीवर पडेल."

पोरगा पांढराफटक पडला. "म्हंजे आमच्यावरच आलं?" तो सरपंचांकडं वळला. "काका, तुम्ही बोला की. परवापर्यंत तुमच्या हिरीला काय हुतं?"

सरपंचांनी फेटा नीट केला. "विहीर तुम्ही बघितलीच की, साहेब."

पोरगा एक पाऊल पुढं सरकला. वस्तीतले चारजण पुढं आले, सरपंचांमागचेही आले. बाहेर सगळा जिल्हा धुमसत होता. इथं एका शब्दानं काय झालं असतं, मला आजही विचार करवत नाही. खरं काय ते मला ठाऊक होतं. बोललो तर मावशीच्या नातवाची सोयरीक मी मोडतो, गप्प बसलो तर तिच्या मेंढ्या आणि ही वस्ती, दोन्ही मरतात. मी जीपची किल्ली मुठीत फिरवत राहिलो.

"आमचं बी असंच हाय," असं मागनं कुणी तरी म्हणालं.

वळून बघितलं तर मावशी उतारावर उभी होती. तिच्या घरचं माणूस त्या विहिरीपर्यंत कधी आलेलं मी बघितलं नव्हतं.

"मावशे, घरी जा," सरपंच म्हणाले.

"जाते. सांगून जाते. साहेब, वर काल-परवापतुर अशीच साय हुती. माझी मेंढरं त्याच पाण्यानं गाभडली. उपसलेला गाळ देवळामागं टाकलाय, या बघायला. गाड्या कमी पडल्या, नायतर त्योबी लांब टाकला असता."

गाळ काळाकुट्ट होता, वर तोच तांबूस रंग वाळलेला. बाईंनी काडीनं उकरला आणि म्हणाल्या, "हे पाण्यापेक्षा बोलकं आहे." सरपंचांनी वहाणेनं गाळाचं एक ढेकूळ सरकवलं. मग खाली मान घालून म्हणाले, "पाव्हण्यांपुढं घाण पाणी कसं ठेवायचं, साहेब. तेवढंच मनात हुतं."

"लिहू का तसं?" साहेबांनी विचारलं.

"लिहा."

परतीच्या वाटेवर साहेब आणि बाई भांडत होते. सरकारनं आधी पैसे द्यावेत आणि कारखान्यांकडून मागाहून घ्यावेत, असं बाईंचं म्हणणं. साहेब म्हणत होते, मागाहून कुणी देत नाही. जो जितकं पाणी ओढतो तितका वाटा आधी भरेल, मगच सरकारचा हप्ता. आणि केंद्र होईपर्यंत वस्तीला नळाचं पाणी, तीही अट घालायची, यावर मात्र दोघांचं एकमत झालं.

मंजुरी आली तेव्हा साहेबांनी मुंबईहून जीपच्या मालकाच्या फोनवर मला मुद्दाम निरोप दिला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ड्रायव्हरला कोण कळवतं? मी तसाच गावात गेलो. मावशीच्या नातवाला बघायला पाव्हणे आले नव्हते. आधी आजारपणाचं निमित्त सांगितलं, मग काहीच सांगितलं नाही. तिनं मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही.

"मंजूर झालं, मावशी."

"कवा बांधत्याल?"

"वर्ष-दोन वर्षं तर जातील."

"तवर आमचं पोरगं पिकल." ती दाव्याला पीळ देत राहिली. मग म्हणाली, "त्या खालच्या पोराला सांगितलं का?"

"तो हर्सूलच्या जेलात आहे, मावशी. आंदोलनात धरलाय."

"आन् त्याच्या आईला?"

"नाही अजून."

तिनं दावं खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पायात वहाणा सरकवल्या. "चल मग. मी बी येते."