दोनशे चाळीस मेंढ्यांचा दाखला

मंगळवारी दुपारी खिडकीतून माझा अर्ज परत माझ्या हातात आला, तेव्हा मला वाटलं, फोटोवर सही करायची राहिली असेल. वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहिलं होतं, उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त. मला चक्क हसू आलं. मेंढपाळाच्या पोरीच्या घरचं उत्पन्न जास्त, म्हणजे खिडकीतल्या बाईंनी दुसऱ्याच कोणाचा कागद माझ्या अर्जाला लावला असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

योजना अशी होती की, शहरात शिकायला आलेल्या पण सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या गरीब घरच्या मुलांना खोलीभाड्याचे आणि जेवणाचे पैसे मिळायचे. नियम मला पाठ होते. गाव महापालिकेच्या हद्दीबाहेरचं हवं, जातीचा दाखला हवा, बँकेचं खातं आधारला जोडलेलं हवं, हजेरी पुरी हवी. यातल्या एकेका कागदासाठी मी भर उन्हात शहर पालथं घातलं होतं. वडिलांचं उत्पन्न ठरलेल्या आकड्याच्या आत हवं, हा शेवटचा नियम मात्र मी मनावरच घेतला नव्हता. तो तर आमच्यासाठीच केलाय, असं मला वाटायचं.

बाई तशा चांगल्या होत्या. त्यांनी माझाच दाखला माझ्यापुढे धरला आणि त्यामागचा तलाठ्याचा अहवाल वाचून दाखवला. शेती कोरडवाहू, दीड एकर. मेंढ्या दोनशे चाळीस. त्या हिशोबानं उत्पन्न मर्यादेच्या कितीतरी वर गेलं होतं. हा दाखला चुलतभावानं मला मोबाइलवर पाठवला होता, मी तो न उघडताच नेट कॅफेवाल्याकडे ढकलला आणि त्यानं फॉर्म भरून दिला. गावी गेले की सगळ्यांना कागद नीट वाचायला सांगणारी मी, पण मीच स्वतःचा कागद वाचला नव्हता. भरलेल्या रांगेत माझे कान लाल झाले.

शुक्रवारी पाचपर्यंत दुरुस्त दाखला आणा, नाहीतर या वर्षीचा विषय संपला, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं. दुरुस्तीसाठी वडिलांचा नवा जबाब लागणार होता, तोही तलाठ्यासमोर आणि दोन पंचांच्या सह्यांनी. माझ्या खोलीचं भाडं दोन महिन्यांपासून थकलं होतं आणि महिनाअखेरीला खोली सोडायची हे घरमालकिणीनं ठरवूनच टाकलं होतं. खोली सुटली की कॉलेज सुटणार, यात काही शंका नव्हती. गंगापूरकडच्या आमच्या गावाहून रोज येऊन-जाऊन सकाळची प्रॅक्टिकलं होत नाहीत, ते मी पहिल्या वर्षी करून बघितलं होतं.

मी चुलतभावाला फोन लावला, आणि चूक कशी झाली, ते मला बसस्टँडवर पोचेपर्यंत कळलं होतं. आमच्यात पाच घरांच्या मेंढ्या एकत्र चरतात. दिवाळीनंतर सगळे मिळून नदीकडच्या भागात उतरतात, एका वावरातून दुसऱ्या वावरात तळ हलवतात. शेतकरी खतासाठी मेंढ्या बसवतात, त्याचं बोलणं तळाचा कारभारी करतो आणि बोलताना तो सगळा कळप आपलाच म्हणून सांगतो. यात माझ्या किती, त्याच्या किती, असं परक्या माणसापुढे फोडून सांगायचं नाही, हा रिवाज. फोडून सांगितलं की उद्या शेतकरी एकेका घराशी वेगळा भाव करायला बसतो. माझे वडील, आबा, गेली दहा वर्षं कारभारी होते. नव्या तलाठ्यानं फोनवर विचारलं, मेंढ्या किती, आणि आबांनी तळावर सगळ्यांच्या देखत, फोन स्पीकरवर ठेवून, ठसक्यात उत्तर दिलं.

बुधवारी मी पहिल्या एसटीनं गंगापूरला आणि तिथून जीपनं नदीच्या अंगाला गेले. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या एका वावरात तळ होता. वाटेत मी किती गोड बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. आबा दिसल्याबरोबर मी ते सगळं विसरले. मी सरळ विचारलं, तुम्हाला दोनशे चाळीस सांगायला कोणी सांगितलं होतं? तळावरची माणसं भाकरी खाता खाता थांबली. आईनं मला डोळ्यांनीच दटावलं.

आबांनी आधी मला पाणी दिलं. मग म्हणाले, "त्यानं कळप इचारला, म्या कळप सांगितला. खोटं काय बोललो?"

मी त्यांना जमेल तसं समजावलं. सरकार कळप विचारत नाही, घर विचारतं. आपल्या मेंढ्या चाळीसेक, तेवढ्याच सांगायच्या, पंच म्हणून तळावरचेच दोघं येतील, उद्या तलाठी गावात बसतो, एवढंच काम. आबांनी मान हलवली नाही. पंच म्हटल्यावर त्यांनी जेवणाऱ्यांकडे एकदा बघितलं आणि ते उठून मेंढ्यांकडे निघून गेले. मला राग आला. म्हणजे असा राग की, समोर ठेवलेली भाकरी मी तशीच झाकून ठेवली. लेकीचं वर्ष जातंय आणि या माणसाला मोठेपणा सुटत नाही, असं मी आईला मोठ्यानं म्हणाले, त्यांना ऐकू जावं म्हणूनच म्हणाले. ते मी कधीतरी मागे घेईन, असं तेव्हा स्वप्नातही नव्हतं.

दुपारभर आई वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, सांधत बसली होती. मी दोनदा घड्याळ बघितलं, शेवटची जीप पाचला होती. साडेचारला आबा परत आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, सकाळी नऊला गावात ये. बरोबर कोण येणार हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गुरुवारी नऊला मी तलाठ्याच्या दारात उभी होते. साडेदहा झाले, तरी आबांचा पत्ता नाही. तलाठी बारानंतर दुसऱ्या गावाला जाणार होता. मी बाहेर येऊन रस्त्याकडे बघायची, आत जाऊन त्याला थांबायची विनंती करायची, असं किती वेळा केलं ते आठवत नाही. अकरा वाजून गेल्यावर मोटारसायकल आली. आबा मधे बसलेले, पुढे-मागे तळावरचे दोघं. दोघांच्या मेंढ्या आमच्याच कळपात होत्या आणि दोघंही आबांपेक्षा लहान, त्यांना कारभारी म्हणून हाक मारणारे.

तलाठी घाईत होता. त्यानं जबाबाचा कागद पुढे ओढला, मर्यादेच्या आत बसावं म्हणून मुद्दाम कमी सांगू नका, एवढं बजावलं आणि विचारलं, स्वतःच्या मालकीच्या मेंढ्या किती. मी शेजारी उभी राहून मनातल्या मनात चाळीस, चाळीस म्हणत होते. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"अकरा," ते म्हणाले.

मी पटकन बोलले, "आबा, अकरा नाय, चाळीस. नीट सांगा ना." मला वाटलं, घाबरून ते फारच खाली आले. उद्या खोटा जबाब म्हणून दोघंही अडकू.

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते तलाठ्यालाच म्हणाले, "अकराच हायेत. बाकीच्या मागल्या साली इकल्या. हिची खोली घ्यायची व्हती."

तलाठ्यानं पंचांना विचारलं, हे खरं का. कळपात कोणती मेंढी कोणाची, हे कानावरच्या खुणेवरून प्रत्येकाला ठाऊक असतं. त्या दोघांनाही वर्षभर ठाऊक होतं, आणि एवढ्या थोड्या मेंढ्यांच्या माणसाला तळ कारभारी ठेवत नाही. तरीही ते रोज आबांच्याच शब्दावर तळ हलवत होते, आणि आबा अख्खा कळप आपला म्हणून सांगत होते. आता ते उघड विचारलं गेल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं, व्हय म्हणाले आणि खाली मान घालून सह्या केल्या. मागल्या साली आबांनी पैसे दिले तेव्हा मी विचारलंसुद्धा नव्हतं. कोकरं विकली असतील, असं धरून चालले होते. मला रडू फुटलं, आणि तलाठ्यासमोर रडणं बरं दिसत नाही म्हणून मी बाहेर जाऊन हँडपंपावर तोंड धुतलं.

शुक्रवारी तहसीलमधून दाखला मिळाला तेव्हा अडीच वाजले होते. शहरात पोचून खिडकी गाठली तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. बाईंनी या वेळी माझ्यादेखत आकडा वाचला, शिक्का मारला आणि पोचपावती दिली. पोचपावती बघून घरमालकीण थांबायला तयार झाली आणि दोन महिन्यांनी पैसे जमा झाले. थकलेलं भाडं भरलं, खोली राहिली, वर्ष राहिलं.

उत्पन्नाचा हा दाखला एकाच वर्षाचा असतो. पुढच्या वर्षी पुन्हा तोच फॉर्म, तोच जबाब. मी फोन करून आबांना सांगितलं की या वेळी मी अर्जच करणार नाही, शिकवण्या घेते, भागेल. त्यांना परत तलाठ्याच्या खुर्चीसमोर बसवायचं माझ्यानं होणार नव्हतं, आणि तेही मी त्यांना सांगितलं. मागे मेंढ्यांचा आवाज येत होता.

"भर अर्ज," ते म्हणाले. "औंदा मी कारभारी नाय. आता खरं सांगायला काय बी जड नाय."