पांगुळगाड्याच्या चिंध्या

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायको असती तर तिला सांगितलं असतं, पण ती हे सगळं घडायच्या आधीच गेली. आजही मी गप्पच बसलो असतो, पण काल दुपारी आमचा धाकटा नातू पालथा पडला!

तुम्ही हसाल. चार महिन्यांचं पोर पालथं पडतंच की, त्यात एवढं काय? अहो, पण बघायला पाहिजे होतं! सकाळपासून त्याची खटपट चाललेली. पाय पलीकडं टाकायचा, कुशीवर वळायचं, हात अंगाखाली अडकला की चिडायचं. मी चटईशेजारी आडवा होऊन त्याला दाखवतोय, असं रं, असं—ह्या वयात! आणि एकदम पालथा! मान वर, हनुवटीवर लाळ, आणि माझ्याकडं असा बघतोय की तवंदीचा घाट त्यानंच एका दमात चढलाय. मी एवढ्यानं ओरडलो की शेजारची मंडळी धावत आली. त्यांना वाटलं, म्हातारा पडला.

पण त्या आनंदातच मला जुनं सगळं आठवलं. कारण हे सगळं ह्याच घरात मी एकदा पाहिलंय, त्याच्या बहिणीच्या, ईराच्या वेळी. तेव्हा बघायला माझ्या जोडीला अजून एक माणूस होतं. आता ते माणूस आमच्याकडं राहायला येत नाही. का येत नाही, ते घरातल्यांना वाटतं की त्यांना ठाऊक आहे. खरं कारण एकट्या मला ठाऊक आहे.

जरा मागून सांगतो. मी सरकारी बसवर ड्रायव्हर होतो. निपाणी–बेळगाव हा माझा कायमचा रस्ता. सगळी नोकरी एकही अपघात न करता काढली. त्याचा बिल्ला मिळाला, तो मी काचेच्या कपाटात दर्शनी लावला. खोटं कशाला बोलू, पाहुण्यांना आमच्याकडं चहाच्या आधी बिल्ला दिसायचा. माझा मुलगा सचिन, सून शिल्पा. शिल्पा बेळगावच्या खडेबाजारातली, माहेरी कन्नड बोलणारी. ईरा झाली, शिल्पाची बँकेतली रजा संपत आली, तेव्हा तिची आई नातीला सांभाळायला आमच्याकडं निपाणीला येऊन राहिली. त्यांचं नाव गंगक्का. मुलगा-सून सकाळी कामाला गेले की घरात आम्ही तिघंच—मी, गंगक्का आणि ईरा.

काय दिवस होते ते! रोज काहीतरी नवीन. मान धरली—आनंद! उशांच्या मधे बसायला लागली, आणि बसल्या बसल्या हळूहळू एका अंगाला कलायची, तोंडावरचं हसू मात्र तसंच. एका सकाळी चमचा तोंडात टिक् करून वाजला—दात! गंगक्कांनी मला परसातून ओरडून बोलावलं, आणि आम्ही दोघं तिच्या तोंडात डोकावून बघत बसलो. रांगायला लागली ती तर मागं मागं. पुढच्या खुळखुळ्याकडं जायचं असायचं आणि गाडी रिव्हर्सला! कपाटाखाली जाऊन अडकायची आणि तिथून आम्हालाच दम द्यायची. ताटातलं भाताचं शीत दोन बोटांत धरून पहिल्यांदा उचललं, तेव्हा तर ते शीत तिनं कुणाला भरवायचं ह्यावरून आमची चढाओढ. तिनं गंगक्कांना भरवलं. मी दुपारभर फुगून बसलो होतो, हेही कबूल करून टाकतो.

मग ती पलंगाला धरून उभी राहायला लागली, आणि मी माळ्यावरून सचिनचा जुना पांगुळगाडा काढला. लाकडी, तीन चाकांचा, पोरानं दांडा धरून ढकलायचा. आमच्या नव्या गुळगुळीत फरशीवर तो सुसाट पळायचा. गंगक्कांनी काय करावं? जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून तिन्ही चाकांना गुंडाळल्या, वर गाठी मारल्या. गाडा एकदम शहाण्यासारखा चालायला लागला. मला म्हणाल्या, "गडबड करू नका, अण्णा. पाय तयार झालं की पुट्टी आपली आपण चालतीया." पुट्टी हे त्यांनी नातीला ठेवलेलं लाडाचं नाव.

पण मला गडबड होती. का, ते सांगतो. आमच्या घरात एक पद्धत आहे. पोरानं पहिलं पाऊल ज्या घरात टाकलं, त्या घराच्या देवघरापाशी भिंतीवर त्याच्या पावलाचा कुंकवाचा ठसा उठवायचा. सचिनचा ठसा आमच्याकडं आहे, बायकोनं दरवर्षी रंग देऊन जपलेला. त्याच्या शेजारी ईराचा ठसा हवा होता मला. आणि ठरलं होतं असं की पहिला वाढदिवस खडेबाजारात, गंगक्कांच्या घरी करायचा, आणि पोरीला बरेच दिवस आधी तिकडं न्यायचं. म्हणजे पहिलं पाऊल तिकडं पडणार! ठसाही तिकडंच! सगळा जन्म वेळेवर गाडी पोचवलेला माणूस मी. मला ते सहन होईना.

बघा, अजून मी वळणंच घेतोय. आता सांगतो.

एका दुपारी गंगक्का ईराला कुशीत घेऊन चटईवर पडल्या होत्या. पहाटेपासून राबलेलं माणूस, डोळा लागला. ईरा मात्र टक्क जागी. मला बघून हसली. मी तिला अलगद उचललं—गंगक्कांच्या हाताखालून, त्यांना कळणार नाही असं. सोप्यात आणलं. गाडा तिथंच होता. मी चाकांवरच्या गाठी सोडल्या, चिंध्या काढल्या, आणि वर शिलाई मशीनचं तेलही सोडलं. ड्रायव्हर ना मी! कुरकुरणारी गाडी मला खपत नाही.

आणि ती चालली हो! दांडा धरून चालली, ती तर आधीही चालायची. पण मधेच थांबली, दांडा सोडला, माझ्याकडं वळली, आणि टाकलं पाऊल. मोकळं! हात हवेत, डोळे माझ्या डोळ्यांत! तुम्हाला कसं सांगू, सगळ्या आयुष्यात तसा आनंद मला दुसरा झालेला नाही. मी गुडघ्यावर बसून टाळ्या पिटत होतो. मग तिचा तोल गेला असावा. तिनं परत दांडा धरला, अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकला, आणि तेल पाजलेला गाडा सुळकन पुढं गेला. हनुवटी उंबऱ्याच्या दगडावर आपटली.

माझे हात कुठं होते? टाळ्या वाजवत होते.

लहान पोर पडलं की रडायच्या आधी एक लांब श्वास घेतं, पाहिलंय ना तुम्ही? तेवढ्या वेळात मी एका हातानं तिला उचललं आणि पायानं त्या चिंध्या गाड्याखाली सारल्या. हो. रक्त दिसत असताना मला चिंध्या सुचल्या. मग ती रडली.

गंगक्का धावत आल्या. केस सुटलेले, पदर सावरायचंही भान नाही. "अय्यो, माझा डोळा लागला! पुट्टी माझ्या कुशीतनं उठून गेली, मला कळलंच न्हाय!" मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, तेवढं खरं माना. आणि मिटलं.

दवाखान्यात टाके घातले. संध्याकाळी सचिननं विचारलं, "आप्पा, तुम्ही कुठं होता?" मी म्हणालो, परसात झाडांना पाणी घालत होतो. शिल्पा आईवर कन्नडमध्ये तुटून पडली. झोपाच काढायच्या होत्या तर आलीस कशाला, म्हणाली. मला कन्नड कळत नाही असं थोडंच आहे? एकूण एक शब्द कळत होता. गंगक्का एवढंच म्हणाल्या की चिंध्यांची गाठही त्यांचीच सैल पडली असणार. मी शेजारीच बसलो होतो. त्या आठवड्यात त्या बेळगावला गेल्या, गुडघे दुखतात म्हणून, आणि परत राहायला आल्या नाहीत.

पुढं काय झालं ऐका. टाके निघाले आणि ईरा सगळ्यांच्या देखत पलंगापासून शिल्पापर्यंत चालत गेली. काय तो जल्लोष! पहिलं पाऊल, पहिलं पाऊल! फोनवर व्हिडिओ, ताटात कुंकू, सचिनच्या ठशाशेजारी तिचा इवलासा ठसा. सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडत होतो. पहिलं पाऊल मी आधीच पाहिलं होतं. आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी माझ्याजवळ होती आणि ती सांगायला तोंड नव्हतं.

ईरा आता शाळेत जाते. हनुवटीवरची रेघ कुणी विचारली की ठसक्यात सांगते, अज्जी झोपली आणि मी पडले. खडेबाजारात गंगक्कांच्या समोरही सांगते. गंगक्का सगळ्यांबरोबर हसतात आणि उठून आत जातात. मी चहा पीत असतो. भीती कशाची होती म्हणता? बिल्ल्याची? सचिनच्या नजरेतून उतरण्याची? असेल दोन्हीचीही. पण ती पहिल्या दिवसापुरती. पुढची सगळी वर्षं मी नुसता सोयीनं गप्प बसलो.

काल धाकटा पालथा पडला, तसा संध्याकाळी गंगक्कांना व्हिडिओ कॉल लावला. फोन मीच धरला होता. बाळ परत एकदा पालथं पडलं आणि गंगक्का पलीकडं लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवायला लागल्या! डोळ्यांत पाणी. शिल्पा म्हणाली, आई, माझी रजा संपतीया, ये की आता राहायला. गंगक्कांच्या टाळ्या थांबल्या.

"नको गं बाई. माझ्या डोळ्यावर माझाच भरवसा न्हाय. अण्णा हाईत की. त्यांच्याजवळच असू दे."

फोन माझ्या हातात होता. त्यांचा चेहरा माझ्यासमोर, वीतभर अंतरावर. मी फोन बाळाकडं वळवला.

मग शिल्पानं बाळाला उचललं आणि माझ्यासमोर धरलं. म्हणाली, "मामा, तुमच्यापाशी असला की मला कसला घोर न्हाय बघा."

मी हात पुढं केले आणि त्याला घेतलं.