कोठीची भिंत आणि गल्लीच्या कुरडया

तीन उन्हाळ्यांपूर्वी एका रविवारी सकाळी मी जरीपटक्याकडच्या एका अख्ख्या गल्लीच्या कुरडयांचं वाटोळं केलं. हेतू वारसा जपण्याचा होता.

त्याचं असं झालं. त्या गल्लीत आमच्या बाबांचा बर्फाचा कारखाना होता. म्हणजे इमारत अजून आहे, बर्फ बंद होऊन जमाना झाला. घरोघरी फ्रिज आले, लग्नातल्या सरबतवाल्यांनी दुसरीकडून बर्फ घ्यायला सुरुवात केली, आणि बाबांनी एक दिवस कुलूप घातलं ते घातलंच. तेव्हापासून तिथे कबुतरं राहत होती. भाडं न देता!

माझा धाकटा भाऊ प्रकाश बँकेत आहे. बँकेत असल्यामुळे त्याला रिकामी पडलेली जागा दिसली की पोटात दुखतं. त्याने एक बिल्डर गाठला. जुनं सगळं पाडायचं, सात मजले चढवायचे, खाली पार्किंग, वरचे दोन फ्लॅट आपले. फक्त बाबांची सही बाकी होती.

मी शाळेत चित्रकला शिकवते. (म्हणजे गणिताच्या सरांचा अभ्यासक्रम मागे पडला की त्यांना माझा तास देते.) पन्नाशी उलटली तरी घरात मी बेबीच. पण कारखाना पाडणार हे ऐकलं आणि या बेबीच्या अंगात आलं! लहानपणी भर दुपारी तिथे जाऊन बर्फाच्या लादीला गाल लावून उभी राहायची मी. तिथे पार्किंग? माझ्या जिवंतपणी? छ्या!

"बाबा, जुन्या इमारतीले तिचा एक स्वभाव असते," मी सांगितलं. "तो मारायचा नसते. आपण तिथे कॅफे करू. लोखंडी खांब तसेच ठेवू, बर्फाचे जुने डबे उलटे टांगू, त्यात दिवे लावू."

"आणि कबुतरं?" प्रकाशने विचारलं.

"कबुतरांचं काय?"

"नाही, तेही आता जुनेच झाले म्हणून विचारलं. त्यांचा स्वभाव कोण जपेन?"

बाबा आरामखुर्चीत बसून दोघांचं ऐकत होते. त्यांनी ऐंशी पार केली आहे आणि ते प्रकाशकडे प्रताप नगरात राहतात. गुडघ्यांमुळे जिने चढत नाहीत, पण निर्णय अजून त्यांचाच. ते म्हणाले, "पाहा गा, मले तुम्ही दोघंही सारखे. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी बिल्डरले तिथेच बोलवा. तोपर्यंत बेबीले काय दाखवायचं ते दाखवू दे. मले पटलं तर ठेवू. नाही पटलं तर तिथेच सही करून मोकळा होतो."

झालं! दुसऱ्या दिवसापासून मी पदर खोचून कामाला लागले. कबुतरांना निरोप दिला. खांब घासले. इमारतीत दोन कोठ्या होत्या, लाद्या साठवायच्या. पुढची मोठी, गल्लीला लागून, आणि मागची लहान. दोन्हींच्या भिंती एवढ्या रुंद की दाराच्या चौकटीत माणूस आडवा झोपू शकेल. "काय बांधत होते जुने लोक!" असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते. आत काय आहे, हा प्रश्न मला पडला नाही. चित्रकलेच्या माणसाला वरचंच दिसतं.

आणि एके दिवशी गल्लीकडच्या भिंतीचा एक पोपडा पडला. आत लाल वीट! सुरेख, भाजलेली, जुनी वीट! मी मिस्त्रीला सांगितलं, "देवरावभाऊ, हा सगळा गिलावा उतरवून टाका. मूळ वीट दिसली पाहिजे. इमारतीचा खरा चेहरा हा आहे."

त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला.

"बेबी, तू भिंतीचं काही करून राहिली म्हणते प्रकाश. कोठीच्या भिंतीले हात नको लावू वं."

किती जीव त्यांचा त्या भिंतीत! "बाबा, मले समजते तुमचं मन," मी म्हटलं.

"मनाचं नाही वं, त्या भिंतीत..."

"काही बोलू नका, बाबा! मलेही भरून येऊन राहिलं!" आणि मी फोन ठेवून यथास्थित रडले. नवऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "पण ते काय म्हणत होते ते ऐकून तर घे." पुरुषांना भावना कळत नाहीत, दुसरं काय!

असे आणखी दोन फोन आले. दोन्ही वेळा बाबा "त्या भिंतीत" इथपर्यंत आले आणि पुढे माझा हुंदका आला. शेवटच्या फोनला तर मी एवढी हेलावले की रविवारच्या भाषणात एक वाक्यच घातलं, 'माझ्या वडिलांचं मन या भिंतीत आहे.'

रविवार उजाडला. ऊन असं की सकाळी दहालाच रस्ता पोळायला लागला. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत कूलर घरघरत होता, आणि गच्च्यांवर, खाटांवर, जुन्या लुगड्यांवर ताज्या ओल्या कुरडया पसरलेल्या. मे महिन्याचा रविवार म्हणजे वाळवणाचाच दिवस. समोरच्या घरातल्या बोंडेकाकू गच्चीवरून ओरडल्या, "काय वं बेबी, आज काय उद्घाटन आहे का?"

"या ना काकू, नारळ फोडून राहिली!"

"कुरडया टाकून येतो."

गल्लीत खुर्च्या मांडल्या होत्या. बाबा सावलीत बसले. प्रकाश बिल्डरला घेऊन आला. बिल्डर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हातात प्लॅनची गुंडाळी आणि खिशाला सहीचा पेन. भला माणूस होता बिचारा. पुढे जे झालं ते त्याला कोणी आधी सांगितलं असतं, तर खाकी कपडे घालून आला असता.

मी भाषण केलं. विटांकडे हात केला. खरंच देखणी दिसत होती भिंत! फक्त कमरेच्या उंचीवर, बरोबर मधोमध, सिमेंटचं एक ठिगळ होतं. जुन्या देखण्या चेहऱ्यावर चिकटपट्टी लावावी तसं. मी मुद्दामच ते ठेवलं होतं. शेवटचा घाव सगळ्यांसमोर घालायचा, मागून मूळ वीट निघणार, आणि बाबांचे डोळे पाणावणार, असा माझा बेत!

"हे कोणीतरी मागून लावलेलं पाप आहे," मी म्हणाले. "ते आज मी काढते."

बाबा खुर्चीतून अर्धे उठले. "बेबी! अवं थांब!"

"बसा बाबा, त्रास करून घेऊ नका!" असं म्हणून मी नारळ फोडला आणि पाठोपाठ हातोडा हाणला.

ठिगळ निघालं. मागून वीट नाही निघाली. एक भोक निघालं, आणि भोकातून पिवळसर काहीतरी बारीक धारेनं खाली यायला लागलं. सुर्रर्र...

"मॅडम," मिस्त्री हळूच म्हणाला, "भिंत गळून राहिली."

मी भोकावर तळहात ठेवला. धार बोटांमधून यायला लागली. मी दुसरा हात ठेवला. मग पाठ लावून उभी राहिले. (पन्नाशीची शिक्षिका भिंतीला पाठ लावून हसरा चेहरा ठेवून उभी आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंनी धारा लागल्या आहेत, असं ते दृश्य होतं.) तेवढ्यात माझ्या खांद्यामागची वीट सुटली. मग तिच्या शेजारची. आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी गळ्यापर्यंत लाकडाच्या भुशात होते!

भिंत पोकळ होती हो! आतल्या आणि बाहेरच्या विटांच्या मध्ये वरपासून खालपर्यंत नुसता कोरडा, बारीक, कित्येक वर्षं दाबून बसलेला भुसा. तो बाहेर यायला जणू माझीच वाट पाहत होता.

ढिगातून प्रकाशने मला ओढून काढलं आणि नेमका त्याच वेळी वाऱ्याचा गरम झोत गल्लीत शिरला. भुसा उठला! प्लॅन उडाला, बिल्डरची टोपी उडाली, समोरचं काही दिसेनासं झालं. आणि गल्लीतले सगळे कूलर, जे इमानेइतबारे बाहेरची हवा आत ओढत होते, त्यांनी ती हवा आणि तिच्यासोबत आमचा वारसा आत ओढला. पहिल्यांदा बोंडेकाका बाहेर आले. ते कूलरसमोर बनियनवर झोपलेले होते. बेसनात घोळवलेल्या भज्यासारखे दिसत होते. "कोण करून राहिलं हे?" त्यांनी एवढंच विचारलं आणि शिंकायला लागले.

मग एकेक कूलर घुसमटला. त्यांच्या जाळ्यांतल्या ओल्या गवतावर भुशाचा थर बसला, पंपात लगदा अडकला, आणि घरघर करणारी गल्ली एकाएकी चिडीचूप झाली. त्या शांततेत बोंडेकाकू ताट घेऊन खाली उतरल्या.

"पाह्य वं बेबी! ही गव्हाची कुरडई आहे का सागवानाची?"

त्यांच्यामागे सगळ्या गल्लीतल्या बायका, प्रत्येकीच्या हातात ताट किंवा खाट. ऊन डोक्यावर, कूलर बंद, कुरडया वाया, बिल्डर खोकतोय, आणि प्रकाश माझ्याकडे असा पाहतोय की आता त्याने मला वेगळं बोलायची गरजच नाही. त्याने बिल्डरचा पेन शोधून बाबांसमोर धरला सुद्धा. "बाबा, करता का सही? पाहिला ना स्वभाव?"

मला रडू आलं. या वेळी खरं. एवढा जीव ओतला आणि आपल्याच हाताने माती केली, दुसरं काही सुचेना.

बाबांनी पेन घेतला नाही. काठी टेकत उठले. "सही करतो. आधी या बाया-माणसांले उन्हातून आत घ्या. मागच्या कोठीत चला सगळे. खाटा पण आणा. आणि दार लावून घ्या."

आम्ही आत गेलो. दार लागलं. आणि हळूहळू पदरांनी वारा घेणं थांबलं.

गार होतं हो! पंखा नाही, कूलर नाही, वीज नाही. तरी बाहेरची ती भट्टी दाराशीच थांबली होती. मानेवरचा घाम सुकायला लागला. बोंडेकाकूंनी फरशीवर बैठक मारली, कुरडयांवरचा भुसा फुंकायला घेतला आणि म्हणाल्या, "अवं माय, किती बरं वाटून राहिलं इथे!"

बिल्डरने वरचं बटण उघडलं आणि छताकडे पाहिलं. "काका, ए.सी. कुठे बसवलाय?"

"तुमच्या डोक्यावर आहे," बाबा म्हणाले.

बिल्डरने डोक्यावर हात फिरवला. मूठभर भुसा निघाला.

"तोच. लाकडं कापायच्या आरा मशीनवरून पोती आणून भरला होता मी. पोत्याचं तोंड धरायले बेबीची आई. बर्फ वितळू नये म्हणून या इमारतीले दोन-दोन भिंती केल्या, अन् मध्ये हा. उंदरानं एकदा भोक पाडलं, तर मीच सिमेंट लावलं होतं." मग माझ्याकडे वळून, "त्यालेच तू पाप म्हणली."

"पण मग तुम्ही सांगितलं काहून नाही, बाबा?" मी ओरडले.

"तीन फोन केले वं. तिन्ही वेळा तू रडली."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळी कोठीच हसायला लागली, बोंडेकाका शिंकता शिंकता हसले. फक्त प्रकाश हसला नाही. मी पाहिलं तर तो कोपऱ्यात पोत्यावर डोकं टेकून घोरत होता! घरी दोन एसी असून झोप येत नाही म्हणून गोळ्या घेणारा माणूस!

बाबांनी बिल्डरला विचारलं, "तुमच्या सात मजल्यांच्या भिंती किती रुंद राहतीन?"

"चार इंच, काका. आता सगळीकडे तेच चालतं. लोक एसी लावतात."

"अन् लाईट गेली तर?"

बिल्डर कपड्यांवरचा भुसा झटकायला लागला. तेव्हा बोंडेकाकू म्हणाल्या, "लाईट गेली तर आम्ही इथे येऊ ना! हे पाडलं तर कुठे जावं माणसानं? काका, तुम्ही सही करसान तर आधी माह्या कुरडयांचा हिशोब द्या!" सगळ्या बायकांनी "हो ना वं, हो ना!" म्हणून ताटं वाजवली. प्रकाश दचकून जागा झाला, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाला, "पाडायचं नाही."

बाबांनी पेन बिल्डरच्या खिशाला परत लावून दिला. बिल्डरने निघताना दबक्या आवाजात विचारलं, दुपारी थोडा वेळ इथेच थांबलं तर चालेल का!

तर इमारत वाचली. कॅफे काही झाला नाही. बाबांनी मागच्या कोठीत अभ्यासिका काढली आणि तिचा कारभार माझ्याकडे दिला. स्पर्धा परीक्षांची मुलं भर मे महिन्यात तिथे स्वेटर शोधतात (बरं, थोडं वाढवून सांगितलं). बाकीच्या भिंतींना वर्षातून एकदा नवा भुसा मिळतो, आणि गल्लीच्या कुरडया मी दुसऱ्या आठवड्यात स्वतः घातल्या. त्या कोणी खाल्ल्या नाहीत, तो वेगळा विषय.

पुढच्या कोठीची ती भिंत पुन्हा बांधताना मिस्त्रीने विचारलं, आत भुसा भरून गिलावा करू का? बाबा म्हणाले, "दोन्ही नको. बेबीले मूळ वीट दिसायले पाहिजे होती, ती दिसू दे." लोक येतात, त्या उघड्या विटांसमोर फोटो काढतात, संवर्धन कोणी केलं म्हणून विचारतात. मी मान ताठ करून सांगते, मी केलं. मग ते मागच्या कोठीत पळतात, कारण साऱ्या इमारतीत कूलर लागतो तो फक्त या पुढच्या कोठीला, आणि ते माझं ऑफिस आहे.