वासुदेवरावांची गोळी ठरेना

वासुदेव पाटणकरांच्या हातून आयुष्यात एकच खोटं माप गेलं, आणि तेही सशांपायी.

तोवर त्यांचा लौकिक असा, की ड्युसेलडॉर्फजवळच्या ज्या कारखान्यात ते गिअरचे दात मोजायचे, तिथे त्यांच्या सहीचा कागद कुणी दुसऱ्यांदा तपासत नसे. साताऱ्याचा हा माणूस एकतीस वर्षं मायक्रॉनमध्ये जगला. प्रॉडक्शनमधले धिप्पाड जर्मन हातात पार्ट घेऊन त्यांच्या टेबलापाशी यायचे, तेव्हा तोंडी परीक्षेला आल्यासारखे अवघडून उभे राहायचे. मोजमापात वासुदेवरावांनी कुणाची भीडभाड ठेवली नाही. त्यामुळे दुपारच्या जेवणाला त्यांच्या शेजारची खुर्ची सहसा रिकामी असायची, पण हे त्यांना कधी जाणवलं नाही, कारण घरी सुधाताई होत्या आणि घरी गेल्यावर बोलायला माणूस होतं.

सुधाताई तीन वर्षांपूर्वी गेल्या. जायच्या आधी चौदा महिने त्यांनी दुखणं सोसलं, आणि ते चौदा महिने वासुदेवराव उशाशी बसून होते. मुलगी ऊर्जा हॅनोव्हरला पीएचडी करते. दर रविवारी तिचा फोन येतो. बाबांनी मराठीत विचारायचं, तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, आणि नऊ मिनिटांत दोघांचंही बोलणं संपायचं. पोरगी गुणाची आहे, पण तीही शेवटी बापाचीच.

आठवड्याचे पाच दिवस नोकरीत निघून जात. शनिवार जाता जात नसे. पूर्वी शनिवारी दोघं बाजाराला जायची, तुर्की दुकानातल्या कोथिंबिरीवरून भांडायची आणि दुपारी जेवून झोपायची. आता कोथिंबिरीवरून भांडायला कोण? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तसं वासुदेवरावांनी एका पावसाळी शनिवारी कम्युनिटी हॉलच्या फळ्यावरची यच्चयावत पत्रकं वाचून काढली. त्यात एक शिकारीच्या परवान्याच्या कोर्सचं होतं. आठ महिने, आठवड्यातून दोन संध्याकाळी, वीसेक माणसं. शिकारीची हौस त्यांना काडीइतकीही नव्हती. दोन संध्याकाळी आणि वीस माणसं, एवढंच त्यांनी पाहिलं.

"बाबा, वीझो?" ऊर्जाने विचारलं. का पण?

"जर्मनीत राहतो, तर जर्मन गोष्ट शिकावी," वासुदेवराव म्हणाले. खरं कारण मुलीला सांगण्याएवढी सवय त्यांना नव्हती.

परीक्षेत ते पहिले आले. कोर्स संपला तशी ती वीस माणसं आपापल्या रानात पांगली. यांना मात्र गावाबाहेरच्या रोपवाटिकेचा तुकडा मिळाला. तिथे रानससे हिवाळ्यात सफरचंदाच्या कलमांची साल कुरतडून खात होते. त्या भागाच्या शिकारीचा हक्क ज्याच्याकडे होता, तो जमीनदार त्यांना म्हणाला, "हरणाला हात लावायचा नाही. ससे मात्र हवे तेवढे मारा. आणि लवकर, मोसम फेब्रुवारीअखेर संपतो."

सशासाठी बंदूक लहान लागते, पॉइंट टू-टूची. ती घ्यायला वासुदेवराव ऑक्टोबरात टेरहॉर्स्ट यांच्या दुकानात गेले. दुकान शिकारीच्या आणि मासेमारीच्या सामानाचं. मालक सत्तरीचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा, जुजबी बोलणारा. बंदूक वीस मिनिटांत ठरली. मग वासुदेवरावांनी विचारलं, "आणि गोळी कुठली?"

टेरहॉर्स्ट यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "बसा," ते म्हणाले.

तो प्रश्न त्यांना कुणी वर्षानुवर्षं विचारला नव्हता. गिऱ्हाईक येतं आणि स्वस्तातली डबी उचलून चालू लागतं. त्या दिवशी टेरहॉर्स्ट दीड तास बोलले. गोल टोकाची भरीव गोळी गोठलेल्या जमिनीवर आपटली तर उसळून कुठे जाईल याचा नेम नाही, आणि रोपवाटिकेपलीकडे घरं आहेत. टोकाला खळगा असलेली गोळी सशाच्या अंगात फुलते आणि तिथेच थांबते, पण छातीत बसली तर मांसाचा चेंदामेंदा करते. म्हणून नेम डोक्यावर धरायचा. वेगवान गोळी लांबवर सरळ जाते, पण कडाडते. आवाजापेक्षा हळू जाणारी शेजाऱ्यांची झोपमोड करत नाही, पण अंतराचा अंदाज जरा चुकला की खाली पडते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, प्रत्येक नळीची आवड वेगळी. एकीला जी गोळी मानवते ती तिच्याच जुळ्या बहिणीला मानवत नाही.

"मग कळायचं कसं?"

"झाडून बघायचं. दहा गोळ्या, पन्नास मीटर, एक कागद. कागद घेऊन या."

वासुदेवरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कागद आणि माप! शनिवारी डबी घ्यायची, रविवारी नेमबाजीच्या रेंजवर झाडायची, आठवडाभर भोकांमधली अंतरं मोजायची, आणि पुढच्या शनिवारी कागद काउंटरवर पसरायचा. नवी गोळी आली की नळीला तिची सवय व्हायला आधी पंधराएक बार जातात, हे त्यांनी स्वतः शोधलं आणि टेरहॉर्स्टना आलेख काढून दाखवलं. टेरहॉर्स्ट यांनी तो आलेख गल्ल्यामागे भिंतीवर लावला. कॉफी मिळू लागली. नोव्हेंबरात खुर्चीला उशी आली.

यातलं सगळंच सोंग होतं असं मात्र नाही. वासुदेवरावांना खरोखरच जखमी ससा नको होता. मरायचं तर त्याने क्षणात मरावं, कळायच्या आत. चौदा महिने काय असतात ते त्यांनी पाहिलं होतं. पण जानेवारी उजाडला, अकरा प्रकारच्या गोळ्या झाडून झाल्या, आणि अजून एकाही सशाच्या केसाला धक्का लागला नव्हता. ससे सुखात होते. कलमांची साल गुडघाभर उंचीपर्यंत गेली होती.

आणि मग बारावी डबी आली. तिच्यातल्या दहा गोळ्यांनी पन्नास मीटरवर मिळून एकच भोक पाडलं, नखाएवढं. वासुदेवरावांनी तीनदा मोजलं. नऊ मिलिमीटर. एवढी जवळ जवळ पडलेली भोकं त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

असा लॉट सापडला की काय करायचं, ते टेरहॉर्स्ट यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. प्रत्येक डबीवर लॉटचा, म्हणजे एका खेपेत बनलेल्या मालाचा, नंबर असतो. तोच नंबर पुन्हा होत नाही, म्हणून दुकानात आहेत तेवढ्या सगळ्या डब्या उचलायच्या. चाळीस डब्या होत्या. दोन हजार काडतुसं. वासुदेवरावांच्या वयाच्या माणसाला जन्मभर पुरली असती, आणि मग टेरहॉर्स्टच्या दुकानाची पायरी चढायचं कारण जन्मभर उरलं नसतं.

शुक्रवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी एक कोरा कागद घेतला. सुधाताईंच्या विणकामाच्या पिशवीतून एक सुई काढली. कॅलिपर लावून मोजली. साडेपाच मिलिमीटर, गोळीच्या अगदी जवळ. त्या सुईने त्यांनी कागदाला दहा भोकं पाडली आणि कडांना शिशाचा डाग दिसावा म्हणून पेन्सिल घासली. माणूस इंजिनिअर, खोटी भोकंसुद्धा त्यांनी आकडेमोड करून पाडली, खऱ्या गोळ्या जशा पसरतात तशीच. अठ्ठेचाळीस मिलिमीटर. सुई पिशवीत परत ठेवताना त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. तरीही शनिवारी ते कागद घेऊन गेले.

टेरहॉर्स्ट यांनी कागदाकडे नुसती नजर टाकली. "अठ्ठेचाळीस? या लॉटचे?"

"अठ्ठेचाळीस."

"तुम्ही मोजलेत म्हणजे प्रश्नच नाही." त्यांनी कॉफी ओतली, आणि दोघं तेराव्या डबीबद्दल बोलू लागले. इतका सुखाचा आणि इतका वाईट शनिवार वासुदेवरावांनी पूर्वी काढला नव्हता.

पुढच्या शनिवारी दुकानात शिरले तर काउंटरवर एक खोका बांधून ठेवलेला. चाळीसच्या चाळीस डब्या, वर परतीचं लेबल. एक गिऱ्हाईक बाई, फ्राऊ यान्सेन, तावातावाने बोलत होत्या. बरं झालं वेळेवर कळलं, त्यांनीही त्यातल्याच दोन डब्या नेल्या होत्या, त्या आज परत आणल्या.

"कंपनीला कडक पत्र लिहिलंय," टेरहॉर्स्ट वासुदेवरावांना म्हणाले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा. सगळ्या शिकाऱ्यांनाही कळवलं. मी म्हटलं, पाटणकरांनी मोजलंय, माझ्या शब्दावर नको, त्यांच्या शब्दावर जा."

वासुदेवराव उभेच राहिले. गप्प बसणं सोपं होतं. खोका गेला असता, कंपनीने त्या गोळ्या झाडून पाहिल्या असत्या, आणि चाळीस वर्षांचा दुकानदार खोटा पडला असता. चोराच्या मनात चांदणं असतं, पण यांच्या मनात त्या क्षणी भर दुपारचं ऊन पडलं होतं.

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून खरा कागद काढला. आठवडाभर तो तिथेच होता.

"नऊ मिलिमीटर," ते म्हणाले. "हा खरा. तो दुसरा मी घरी केला. सुईने."

फ्राऊ यान्सेन मासेमारीच्या दोऱ्याचं रीळ उगाच निरखू लागल्या.

"वारूम?" टेरहॉर्स्ट यांनी विचारलं. का?

"आल्झो..." म्हणजे त्याचं असं, ते म्हणाले. "गोळी एकदा ठरली की मला इथे यायला कारण राहत नाही. शनिवारी मी दुसरं कुठेच जात नाही. घरी कुणी नाही." मुलीलाही जे सांगितलं नव्हतं ते त्यांनी परक्या बाईसमोर भर दुकानात सांगितलं.

टेरहॉर्स्ट आत गेले. फोनवरचं त्यांचं बोलणं बाहेर ऐकू येत होतं. हो, पत्र मागे घेतो. नाही, माल उत्तम आहे. चूक आमच्याच दुकानाची. वासुदेवराव खाली मान घालून ऐकत राहिले. त्यांना वाटलं, आता निघून जावं, पण पाय निघेना.

बाहेर येऊन टेरहॉर्स्ट यांनी परतीचं लेबल फाडलं, खोका उघडला आणि एक डबी काढून काउंटरवर ठेवली. बाकीचा खोका उचलून मागच्या कपाटात बंद केला.

"एकच?" वासुदेवरावांनी विचारलं.

"एका शनिवारी एकच. आणि या आठवड्यात ससा मारा. त्या बिचाऱ्या रोपवाटिकेवाल्याची झाडं मेली." टेरहॉर्स्ट यांचा आवाज कोरडा होता. तो सुईचा कागद त्यांनी घडी करून कचऱ्यात टाकला, आणि खराही उचलून परत दिला. "आणि कागद आता आणू नका. तुमच्या कागदावर माझा विश्वास राहिला नाही. तुम्ही या."

वासुदेवरावांनी मान हलवली. एकतीस वर्षांत त्यांचा कागद कुणी नाकारला नव्हता, आणि कागदाशिवाय या, असंही कुणी म्हटलं नव्हतं.