पिंपातलं मटण आणि दोड्डप्पांची आंघोळ

आम्ही लिंगायत, घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. बायको मात्र कोल्हापुरातल्या अशा घरातली, जिथं रविवारी मटण शिजलं नाही तर शेजारी तब्येतीची चौकशी करायला येतात. लग्न ठरताना अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला एकच अट घातली.

"सैपाकघरात न्हाय. मागं परसात काय पायजे ते करा. मी बघायला येणार न्हाय."

दोन वर्षं ती रविवारी माहेरी जाऊन जेवली. मग एकदा मी फोनवर एक व्हिडिओ बघितला. कुणीतरी तेलाच्या पिंपाला भोकं पाडून, तळात कोळसा आणि वर जाळी ठेवून, पाच-सहा तास धुरावर मटण भाजत होता. मला वाटलं, जमतंय की. कागलच्या एमआयडीसीत नोकरीला असल्यामुळं पिंपांना तोटा नव्हता. एक घेऊन आलो आणि परसात ड्रिल मशीन सुरू केलं.

पहिल्या भोकालाच अप्पा बाहेर आले. त्यांनी तीस वर्षं आयटीआयमध्ये पोरांना वेल्डिंग शिकवलेलं. घरात कोणी वाकडं भोक पाडत असताना आत बसून राहणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी पिंपात डोकं घालून वास घेतला.

"ह्यात काय हुतं?"

"सॉल्व्हंट."

"मग मटण खाऊन सगळीच एकदम जावा."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः एसटीनं जयसिंगपूरला गेले आणि ओळखीच्या तेल व्यापाऱ्याकडून शेंगतेलाचं पिंप टेम्पोत घालून आणलं. पुढं मी फक्त धरायचं काम केलं. अप्पांनी तळाजवळ तीन भोकं पाडून हवा कमीजास्त करायला त्यांना फिरत्या पट्ट्या बसवल्या, झाकणावर पत्र्याचं धुराडं लावलं, बाहेरून तापमानाचा काटा बसवला. मोठा जाळ करून आतला रंग जाळला, सगळं घासलं आणि तेलाचा हात दिला. मग म्हणाले, "आता चाचणी."

चाचणी बटाट्यांची झाली. काटा एकशे चाळीस अंशांवर गेला, तो एकशेवीसवर स्थिर राहायला पाहिजे होता. पुढच्या रविवारी वांगी. त्याच्या पुढच्या रविवारी मक्याची कणसं. पिंपाला मटण लागायच्या आत त्यात जे काय होईल ते अप्पांना खाता येत होतं, त्यामुळं चाचण्या संपेचनात. धुरावरचं वांगं त्यांना फार आवडलं. वहीत ते वेळ, लाकूड आणि चव लिहायला लागले. बाभळीला सहा मार्क, आंब्याला नऊ.

दीड महिन्यानं बायकोनं मला बाजूला घेतलं. "हे पिंप माझ्यासाठी केलंय का वांग्यांसाठी?"

मग एका रविवारी सकाळी आठ वाजता दोन किलो मटण मसाला लावून जाळीवर गेलं. अप्पांनी पाठ करून हवा लावून दिली. बघणार नाही म्हणजे नाही. खुर्ची टाकून पिंपाकडं पाठ करून बसले आणि काटा दिसावा म्हणून समोर आरसा धरला.

दहा वाजता दारात दोड्डप्पा उभे. हे अप्पांचे थोरले चुलतभाऊ. निपाणीकडच्या एका खेड्यात राहतात आणि घरात निम्मं कन्नड बोलतात. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हातात कवठाच्या बर्फीचा पुडा. पहाटे नृसिंहवाडीला दर्शन करून परतीच्या वाटेवर उतरलेले. माणूस इतका कडक, की ज्या हॉटेलात ऑम्लेट मिळतं तिथं ते पाणीही पीत नाहीत.

ते सरळ परसात आले. "मागं धूर कशाचा रं?"

अप्पा आयुष्यात खोटं बोललेले मी ऐकले नव्हते. त्यांनी पिंपाकडं बघितलं, धुराड्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "बंब हाय. आंघोळीचं पाणी तापवायला. नवीन केलाय."

पिंप न्हाणीघराच्या भिंतीला लागूनच होतं. दिसायलाही बंबच.

"बरं झालं," दोड्डप्पा म्हणाले. "वाडीला नदीत गार पाण्यानं केलती, अंग सगळं आखडलंय. करतोच आंघोळ."

बायको लगोलग आत गेली. स्वयंपाकघरात गॅसच्या तिन्ही शेगड्यांवर पातेली चढल्याचा आवाज मला ऐकू आला. दोड्डप्पा पिंपाभोवती फिरत होते.

"तोटी कुठाय?"

"आतल्या अंगाला."

"आणि हे काय? एकशेवीस? पाणी उकळून गेलं असतंय की."

"त्यो काटा फॅरेनहाइटचा हाय, अण्णा," अप्पा म्हणाले. "आपल्यातलं एकोणपन्नास. आंघोळीला बरोबर."

मला त्यांचा अभिमान वाटला आणि लाजही वाटली.

"वास मसाल्याचा येतोय."

"शेजारी," मी म्हणालो. कोल्हापुरात रविवारी एवढं पुरतं.

दोड्डप्पा न्हाणीघरात शिरले. मी घरातून बादल्या आणत होतो आणि अप्पा पिंपावर मधूनमधून पान्हा आपटत होते, तोटी सोडल्यासारखा. तीन बादल्या झाल्या. चौथी मागितली तेव्हा गॅस संपला. अप्पांनी दारातून सांगितलं, "बंब जरा दमलाय, अण्णा."

आंघोळ झाल्यावर दोड्डप्पा निघतील असं वाटलं, पण उबेला छान वाटतंय म्हणून ते पिंपाशेजारीच बसले. उसाचा भाव, पुतण्याचं लग्न, गुडघे. एकदा लाकूड सारतो म्हणून झाकणाला हात घातला.

"उघडू नगासा," अप्पा म्हणाले. "प्रेशर हाय."

तीन वाजता दोड्डप्पा उठले. जाताना म्हणाले, "मलाबी असला एक करून दे. पाण्याला झ्याक हाय." अप्पा म्हणाले, "देतो."

मटणाचे तोवर सात तास झाले होते. हाडापासून आपोआप सुटत होतं. बायको परसातच उभ्यानं जेवली. अप्पा तिच्या तोंडाकडं बघत होते. तिनं मान हलवल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, आंबा, दहा मार्क.

पण शब्द दिला होता. अप्पांनी दुसरं पिंप आणलं आणि खरा बंब करायला घेतला. पहिला गळला. दुसऱ्यात पाणी तापलं, पण गंजाचं लाल यायला लागलं. तिसऱ्याला तांब्याची नळी वेटोळी करून बसवली, तो चालला. आम्ही टेम्पोनं तो दोड्डप्पांच्या गावी नेला. सगळं जोडून, पहिली बादली काढून झाल्यावर अप्पा अचानक म्हणाले, "अण्णा, त्या दिवशी आमच्या पिंपात मटण हुतं. मी खोटं बोललो."

दोड्डप्पांनी बादलीत बोट बुडवून बघितलं.

"म्हंजे त्यो काटा फॅरेनहाइटचा न्हवता?"

"न्हवता."

"आणि मी अख्ख्या गावाला सांगत सुटलोय की, कोल्हापुरात पाणी एकशेवीसला तापवत्यात म्हणून," ते म्हणाले. हा राग जेवण होईपर्यंत टिकला. मटणाचा विषय त्यांनी काढलाच नाही, फक्त आम्हाला वाढायला सुनेऐवजी स्वतः आले आणि ताटापासून हातभर लांब उभं राहून वाढलं.

सध्या पावसाळ्यानं आमच्या मटणाच्या पिंपाच्या बुडाला गंज धरलाय. राख वेळच्या वेळी काढत जा, ओल धरते, असं अप्पांनी मला शंभरदा सांगितलं होतं, मी काढली नाही. आज सकाळपासून ते जुनं बूड कापून नवीन पत्रा बसवतायत. काळा चष्मा लावलाय, कुणाशी बोलत नाहीत. मला फक्त पिंप धरायला बोलावलंय, आणि हलू नको म्हणून सांगितलंय.