आईचा स्कॅन आणि काकांची पाटी

मंडळी, आज सूड उगवला. लई गोड लागला आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

केमो संपल्यावरही आईच्या साध्या सीटी स्कॅनमध्ये पोटातली गाठ दिसतच होती. "गाठ हाय अजून" एवढं कानावर पडताच माझ्या सख्ख्या काकांनी कोळवणच्या आमच्या भातखाचरात पाटी ठोकली: फार्महाऊससाठी जमीन विकणे आहे. आई धडधडीत जिवंत असताना!

डॉक्टर म्हणाले, गाठ दिसते म्हणजे ती जिवंत असतेच असं नाही. म्हणून परवा पुण्यात पेट-सीटी केला. साखरेसारखं औषध टोचून आईला तासभर न बोलता, न हलता बसवलं. जिवंत कॅन्सर ती साखर ओढून घेतो आणि पेटमध्ये चमकतो. नेमका कुठे, ते सीटी दाखवतो.

आज पुण्याला जाऊन रिपोर्ट घेतला. गाठीत चमक नाही. उरलाय तो नुसता वण.

आई घरी न येता थेट खाचरात गेली. काकांना बोलावलं आणि त्यांच्याच हातानं पाटी उपटायला लावली. म्हणाली, "भावजी, गाठ मेलीया. मी न्हाई."

आत्ता ती पाटी फोडून बंबात घातलीय, आंघोळीचं पाणी तापतंय. काका माफी मागायला आलेत. आईनं त्यांना ओसरीवर बसवलंय.

"तासभर गप बसा. बोलायचं न्हाई, हलायचं न्हाई. मग बघू, तुमच्यात काय जित्तं हाय त्ये."

मी चहा ठेवलेला नाही. तुम्ही ठेवला असता?