भोईर सरांचा शुक्रवार

"मी मेलोय, मॅडम."

आठवी 'ब'मधला एक मुलगा भिंतीला टेकून, पाय पसरून, हसत हसत मला हे सांगत होता. वसईकडच्या चंदनसारच्या त्या शाळेतला माझा पहिला दिवस. कडक इस्त्रीची साडी, हातात मराठीचं पुस्तक, आणि समोर भिंतीच्या कडेने फरशीवर ओळीने बसलेली पोरं. "अरे, खाली का बसलात?" एवढंच मी विचारलं होतं. दुसरा म्हणाला, "आम्ही सगळेच मेलोय. भोईर सर पण मेलेत. ते काय!" बघते तर ओळीच्या टोकाला अर्धे केस पांढरे झालेले एक गृहस्थ चक्क मांडी घालून बसलेले. मला बघून त्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले. "या मॅडम, बसा. नाय नाय, बसू नका. तुम्ही अजून जिवंत आहात."

मी साताऱ्याची. आमच्याकडे सर वर्गात आले की माशीसुद्धा परवानगी घेऊन उडायची. आणि इथे विज्ञानाचे ज्येष्ठ शिक्षक पोरांच्या ओळीत मरून पडलेले! त्या दिवशी घरी नायगावला पोचेपर्यंत एकच विचार डोक्यात होता : कुठे येऊन पडले मी!

ती होती भोईर सरांची कबड्डी. वर्गाच्या मधोमध खडूची रेघ, दोन बाजूंना दोन संघ. एका संघाचा गडी रेघ ओलांडून पलीकडे चढाईला जायचा. पलीकडचे त्याला धड्यातला एक प्रश्न विचारायचे, आणि उत्तर त्याने एका दमात द्यायचं. मध्ये श्वास घेतला की बाद. चुकलं तरी बाद. बाद झालेल्याने भिंतीशी जाऊन बसायचं. पण आपल्या संघातल्या कोणी बरोबर उत्तर दिलं, की भिंतीशी बसलेला एक जण जिवंत होऊन आत यायचा. गडी कमी पडले तर सर स्वतः खेळायचे, आणि आठवीच्या पोरांकडून हमखास बाद व्हायचे. मुद्दाम नाही हं! पोरं त्यांना असले आडवे प्रश्न विचारायची की मलाच घाम फुटायचा.

सर खाडीकाठच्या भातशेतीच्या गावातले. तरुणपणी गावच्या संघातून खेळलेले. बुटका बांधा, जाड मनगटं, आणि चालताना कटकट वाजणारा उजवा गुडघा. मुख्याध्यापिकांसमोर ते जपून, पुस्तकी बोलायचे. पण खेळ रंगला की गावची बोली बाहेर यायची. "मरनाला कोन घाबरतो रे? मागं तुझे सात जन आहेत ना उठवायला!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं, "आत शिरायच्या आधी परत यायची वाट बघून ठेव." आणि कप्तान झालेल्या पोराला दर वेळी सांगायचं ते तिसरं : "कमजोर गडी राखून ठेवायचा. त्याला उगाच पुढं लोटायचं नाय."

एकदा तपासणीला साहेब आले. मी देवाचं नाव घेत दारात उभी. मला वाटलं, आज तरी हा माणूस खुर्चीवर बसेल. कसलं काय! साहेबांच्या देखत एका पोरीने सरांना लोखंड गंजण्याच्या प्रश्नावर अडकवलं आणि सर निमूटपणे भिंतीशी जाऊन बसले. साहेबांनी भुवया उंचावल्या. सर खालूनच म्हणाले, "साहेब, नियम म्हनजे नियम. तुम्ही जाता का चढाईला?" मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा साहेब रेघेच्या पलीकडे उभे होते, आणि थोड्या वेळाने तेही सरांच्या शेजारी फरशीवर. जाताना त्यांनी सरांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

मोठा सामना शुक्रवारी. जिंकणाऱ्या संघासाठी सर घरून सुकेळी आणायचे, वसईची ती सुकवलेली, पानात बांधलेली गोड केळी. त्या सुकेळीसाठी पोरं अख्खा धडा घोकून यायची. जिन्यात, डबा खाताना, नळावर पाणी पिताना, जिथे बघाल तिथे कोणीतरी दम धरून व्याख्या म्हणतंय. मी कितीही नाक मुरडलं तरी खोटं कशाला बोलू, माझ्या निबंधाच्या तासाला असा उत्साह मी कधी बघितला नव्हता. सर छाती पुढे काढून सांगायचे, "मॅडम, शुक्रवारी माझ्या वर्गात एक पोर गैरहजर नसतं. तापानं फणफणलेलं पोर पन येतं." सामन्याआधी हजेरी घेण्याऐवजी ते दोन्ही कप्तानांना विचारायचे, "गडी?" कप्तान ओरडायचे, "सगळे हजर!" की झाला खेळ सुरू.

अशाच एका शुक्रवारी मी रजा घेतली होती. नव्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराची कपाटं बनत होती, ती बघायला सातिवलीला गेले. तिथल्या कारखान्यांच्या गाळ्यांच्या रांगेतून चालताना एका पायरीवर ओळखीचा चेहरा दिसला. आमच्याच शाळेतला. आठवी 'ब'मधली समीक्षा! गुडघ्यावर विज्ञानाचं पुस्तक उघडं ठेवून बसलेली. ही मुलगी फार हळू बोलायची. एकेक शब्द शोधून आणल्यासारखी. हुशार नव्हती असं नाही, पण हात वर करेपर्यंत दुसऱ्याचं उत्तर देऊन झालेलं असायचं.

"अगं, शाळा सोडून इथे काय करतेस?"

"आई इथे पॅकिंगला आहे, मॅडम." मग जरा थांबून, "शुक्रवारी मी येत नाही ना."

"येत नाही म्हणजे?"

"मी असले की आमचा संघ हरतो. माझा दम सुटतो. म्हणून तेजस म्हणाला, तू शुक्रवारी नको येऊस. आईला सांगितलंय, शुक्रवारी आम्हाला सुट्टी असते."

तेजस म्हणजे तिच्या संघाचा कप्तान. वर्गात पहिला येणारा. मी काही बोलणार, तेवढ्यात ती मान वर करून हसली. तिचं ते हसणं आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

"आता आम्ही दर शुक्रवारी जिंकतो, मॅडम. माझ्यामुळे. शनिवारी तेजस माझ्या वाटणीची सुकेळी आणून देतो."

ती रडत असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. ओरडत असती तर समजूत घातली असती. पण ती खूश होती! घरी बसणं हीच तिची कामगिरी, आणि तिचं बक्षीसही तिला वेळेवर मिळत होतं. कपाटं बघायची राहिलीच. मी कशी घरी आले ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत सर चहा पीत होते. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते तेजसच्या नावाने खडे फोडतील. त्यांनी उलट मलाच विचारलं.

"कोन म्हनालात?"

"समीक्षा, सर."

"समीक्षा... तिसऱ्या बाकावर... नाय, ती दुसरी." ते आठवायला लागले. कपाळावर आठ्या, ओठ हलताहेत, आणि चेहरा हळूहळू पांढरा पडत चाललेला. "मॅडम, ती कुठं बसते?" मी जागा सांगितली. त्यांनी कप खाली ठेवला. "आनि माझी सुकेळी? तिला घरी बसायला माझी सुकेळी दिली पोरांनी?" इतका धक्का बसलेला माणूस मी दवाखान्याच्या बाहेरच पाहिला आहे.

तेजसला बोलावलं. तो रडकुंडीला आला, पण गांगरला नाही. "सर, तुम्हीच म्हणाला होता, कमजोर गडी राखून ठेवायचा. मी राखून ठेवला. तिची वाटणी पण कधी खाल्ली नाही. खोटं वाटत असेल तर तिला विचारा." आता काय बोलायचं! पोरगं शंभर टक्के खरं बोलत होतं. सरांनी त्याला नुसतं "जा" म्हटलं. तो गेल्यावर मला म्हणाले, "बघा ना मॅडम, एक पन नियम मोडला नाय त्यानं. सगळे नियम पाळले, आनि एक पोर घालवलं."

सोमवारी सर वर्गात गेले आणि भिंतीशी जाऊन बसले. "कप्तानानं गडी घालवला तर कप्तान बाद. या वर्गाचा कप्तान मी. आता मला समीक्षाच उठवील." बिचारी मुलगी उभी राहिली. सगळा वर्ग तिच्याकडे बघतोय. घंटा झाली तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. हे कळलं तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सर वयाने, अनुभवाने मोठे, पण मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं. "सर, चूक तुमची आणि भार पुन्हा तिच्याच डोक्यावर? बादही तुम्हीच होणार आणि उठवायचंही तिनेच? तिला काय हवंय हे कोणी विचारलंय का?"

सरांनी मान हलवली. "विचारलं नाय. चुकलंच."

मधल्या सुट्टीत त्यांनी तिला जिन्याशी गाठलं. मीही होते. "बाय माझे, खेळ कसा असावा? तू सांग. तुला नको असंल तर बंद करतो." ती घाबरून म्हणाली, "बंद नको, सर. मग सगळे म्हणतील माझ्यामुळे बंद झाला." बराच वेळ ओढणीशी चाळा केला आणि मग अगदी हळू म्हणाली, "दम नको. मध्ये श्वास घेतला तर चालेल, असं करा."

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू कोणी वरण करताना डाळच नको म्हणालंय. ती गेल्यावर म्हणाले, "दमाशिवाय कबड्डी? मॅडम, आमच्या गावात कळलं तर मला वाळीत टाकतील." पण त्याच दिवशी त्यांनी वर्गात जाहीर केलं : आजपासून हवे तेवढे श्वास घ्या. चढाईवाला विचार करत असताना पलीकडच्याने चकार शब्द काढायचा नाही. पोरं हिरमुसली. एक जण तर म्हणाला, "मग ही कबड्डी कसली?" सर म्हणाले, "माझी. तुझी तू मैदानात खेळ."

पुढचा शुक्रवार. मी मुद्दाम मोकळा तास धरून आठवी 'ब'च्या दारात जाऊन उभी राहिले. सरांनी रेघ मारली, चपला काढून फळ्याखाली ठेवल्या. तेजसच्या जागी नवी कप्तान होती. "गडी?" "सगळे हजर!" खेळ सुरू झाला. थोड्या वेळाने समीक्षाचं नाव निघालं. ती उठली आणि रेघेपर्यंत आली. पलीकडून प्रश्न आला : ओले कपडे सावलीत का वाळतात? मी पदर मुठीत धरला. बाई गं, बोल आता!

ती रेघेवरच उभी राहिली. पाय पुढे टाकेना. सर हळूच म्हणाले, "घे वेळ. घाई नाय."

"सर," ती म्हणाली, "तेजस आला नाही."

वर्गात चुळबुळ झाली. नव्या कप्तान मुलीने उठून सांगितलं, "सर, त्याला आम्हीच सांगितलं, शुक्रवारी नको येऊस म्हणून. त्याने असं केलं ना समीक्षाला!" आवाजात केवढा अभिमान! दोन-तीन पोरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. सरांकडे बघितलं. एका आठवड्यात दुसऱ्यांदा त्या माणसाचा चेहरा पांढरा झाला होता. पहिल्या बाकावरची तेजसची जागा रिकामी, डोळ्यांसमोर, आणि त्यांना दिसली नव्हती. आणि मला तरी कुठे दिसली?

"तो आल्याशिवाय मी जाणार नाही," समीक्षा म्हणाली.

सरांनी एकदा तिच्याकडे, एकदा त्या बाकाकडे बघितलं. हातातला खडू टेबलावर ठेवला. "मॅडम, जरा वर्ग बघा," एवढं म्हणून ते बाहेर पडले. जिन्यावर गुडघ्याची कटकट ऐकू आली.

मी समीक्षाजवळ गेले. विचारू नये ते विचारलंच. "तुला त्याचा राग नाही आला?"

तिने दोन श्वास घेतले. कोणी मध्ये बोललं नाही.

"आला ना, मॅडम. पण शुक्रवारी घरी बसून कसं वाटतं, ते वर्गात मला एकटीलाच माहीत आहे."

मी खिडकीशी गेले. खाली भर उन्हात भोईर सर तेजसच्या बिल्डिंगच्या दिशेने निघाले होते, पाय ओढत, जवळजवळ पळतच. चपला इथेच होत्या, फळ्याखाली.